घर-सल्ला : सव्वा लिटर रंगाचा वाद

प्रश्न : आम्ही साताऱ्यात गोडोली भागात राहतो. तळमजल्यावरील पाहुण्यांच्या खोलीला लागून एक लहान बाथरूम आहे. त्याची लांबी साडेसहा फूट, रुंदी चार फूट आणि उंची साडेनऊ फूट असून कमोड, बेसिन आणि आंघोळीची जागा असे सर्व काही तेवढ्यातच बसवलेले आहे. जमिनीपासून सात फुटांपर्यंत बिस्किटी रंगाच्या टाइल्स आहेत आणि मधोमध तपकिरी नक्षीचा एक पट्टा आहे. टाइल्स मजबूत असल्यामुळे त्या बदलण्याचा विचार नाही. वरच्या भिंतीला आणि छताला पांढरा डिस्टेंपर आहे. गेल्या पावसाळ्यात छताच्या एका कोपऱ्यात त्याचे पोपडे सुटले. झरोका एकच असून तो उत्तरेला आहे आणि त्याच्यासमोर पाच-सहा फुटांवर शेजाऱ्यांची पोपटी रंगाची भिंत येते. मार्गशीर्षात मुलीचे लग्न असल्याने घरी पाहुणे उतरणार आहेत. रंगावरून घरात एकमत होत नाही. मला मोबाइलवर छायाचित्रांत पाहिलेला गडद निळा आवडला आहे, यजमान पांढऱ्याशुभ्र रंगावर अडून बसले आहेत, सासूबाईंना गुलाबी हवा आहे आणि मुलाच्या मते आता सगळीकडे करडाच रंग देतात. कोणता रंग द्यावा आणि सोबत सजावट काय करावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण दिलेली मापे पाहून मी प्रथम थोडा हिशोब केला. चारही भिंतींची एकूण लांबी २१ फूट होते. सात फुटांपर्यंत टाइल्स असल्यामुळे रंगासाठी वरचा अडीच फुटांचा पट्टाच उरतो. झरोका वजा जाता तो सुमारे ५० चौरस फूट आणि छत २६ चौरस फूट, म्हणजे सगळे मिळून ७६ चौरस फूट क्षेत्र रंगवायचे आहे. चांगल्या इमल्शनच्या एका लिटरमध्ये सुमारे ६० चौरस फुटांवर दोन हात बसतात. याचा अर्थ, आपल्या घरात चौघांमध्ये जो वाद चालू आहे तो सव्वा लिटर रंगापुरता आहे. याउलट टाइल्सचे क्षेत्र दार वगळून १३० चौरस फूट भरते, आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर तेच असते. त्यामुळे आपल्या बाथरूमचा रंग टाइल्स बसवल्या त्याच दिवशी ठरलेला आहे. आता प्रश्न एवढाच आहे की, त्या बिस्किटी रंगाशी वरच्या पट्ट्याने कसे वागावे.

यासाठी एक सोपी परीक्षा करावी. कोरा पांढरा कागद दिवसाच्या उजेडात टाइलला चिकटवून धरावा. एरवी 'बिस्किटी' म्हणून सोडून दिलेला रंग कागदाशेजारी पिवळसर, गुलाबीसर किंवा राखाडी अशा कोणत्या बाजूला झुकतो, हे लगेच दिसते. बहुतेक बिस्किटी टाइल्स पिवळसर असतात आणि आपल्याही तशाच असाव्यात, असे मी धरून चालते. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतात. करडा रंग थंड, किंचित निळसर असतो. तो पिवळसर टाइलला लागून आला की टाइल अधिक पिवळी, जुनी आणि मळकट वाटू लागते. मुलाचा करडा रंग त्याच्या जागी वाईट नाही, परंतु या टाइल्सशी त्याचे पटणार नाही. यजमानांच्या पांढऱ्याशुभ्र रंगाचीही तीच अडचण आहे. बाजारात शुभ्र म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्यात निळसर झाक असते, कारण डोळ्यांना तीच स्वच्छ वाटते. धुतलेल्या कपड्यांना आपण नीळ घालतो त्यामागेही हेच कारण आहे. परंतु नीळ दिलेल्या धोतराशेजारी साधे धोतर जसे कळकट दिसते, तशा आपल्या टाइल्स त्या पट्ट्याखाली दिसतील.

सासूबाईंचे मत मात्र मला विचार करण्यासारखे वाटले आणि त्याचे कारण आपल्या पत्रातच आहे. झरोक्यातून येणारा उजेड शेजारच्या पोपटी भिंतीवर आपटून येतो, म्हणजे आत शिरतानाच त्याला हिरवी झाक चढलेली असते. पांढऱ्या किंवा करड्या भिंतीवर ती झाक उघडी पडते आणि आरशात पाहणाऱ्या माणसाचा चेहरा आजारी दिसतो. लग्नघरी आलेल्या पाहुण्यांनी सकाळी आरशात तसा चेहरा पाहावा, असे आपल्याला खचितच वाटणार नाही. हिरव्याला उतारा तांबूस रंगाचा. म्हणून मलईसारखा, पिवळसरपणाकडून किंचित पीचकडे झुकणारा पांढरा रंग आपण निवडावा. तो इतका फिका असावा की एकटा पाहिला तर पांढराच वाटेल आणि पांढऱ्या कागदाशेजारी धरला तरच त्याची ऊब कळेल. शेडकार्डावर एकाच घराण्यातील छटा फिक्याकडून गडदाकडे छापलेल्या असतात. त्यांतील सर्वांत फिकी किंवा तिच्या लगतची छटा पुरेशी आहे. सासूबाईंना 'गुलाबी' म्हणून जो रंग डोळ्यांसमोर आहे तो मात्र देऊ नये, कारण तपकिरी नक्षीच्या पट्ट्यावर स्वच्छ गुलाबी रंग मिठाईच्या खोक्यासारखा दिसतो.

हाच रंग छतालाही द्यावा. भिंतीचा पट्टा एका रंगाचा आणि छत पांढरे अशी आपल्याकडे रीत आहे, परंतु जिथे टाइल्सची रेघ सात फुटांवर आधीच भिंत कापते, तिथे साडेनऊ फुटांवर दुसरी रेघ ओढल्यास उंची तीन तुकड्यांत विभागली जाते. पट्टा आणि छत एकरंगी ठेवले की वरची कड विरून जाते आणि छत थोडे वर गेल्यासारखे वाटते.

आता आपल्या गडद निळ्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत अशा छायाचित्रांचा उल्लेख आहे. गडद रंगाने खोली लहान दिसते, हे सरसकट खरे नाही. ज्या जागेला उजेड मुळातच नाही तिथे गडद रंगात कोपरे बुडून जातात, भिंत नेमकी कुठे संपते ते कळत नाही आणि जागा लहान असूनही कोंदट वाटत नाही. आपण पाहिलेल्या छायाचित्रांत हेच साधलेले असते. परंतु ती छायाचित्रे नीट निरखावीत. त्यांत बहुधा एक बेसिन आणि एक कमोड असतो. बादली नसते, आंघोळीचे पाणी भिंतीवर उडत नाही. भिंत वरपासून खालपर्यंत रंगवलेली असते. आपल्याकडे गडद निळा आला तर तो केवळ वरच्या अडीच फुटांत येईल, म्हणजे फिक्या डब्याला गडद झाकण बसवल्यासारखे होईल आणि ते झाकण डोक्यावर दाबत राहील. शिवाय बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. वाळलेल्या प्रत्येक थेंबाचा पांढरा ठिपका गडद पृष्ठभागावर दुरूनही दिसतो. लग्नाच्या धावपळीत तो रोज पुसणार कोण?

तरीही आपली आवड मोडीत काढावी असे मला वाटत नाही. निळा आणि बिस्किटी ही जोडी मुळात चांगली आहे. फक्त निळ्याने भिंतीवरून उतरून वस्तूंवर यावे. दाराची आतली बाजू आपण गडद निळ्या इनॅमलने रंगवू शकता. दार बंद केल्यावरच ती बाजू दिसत असल्यामुळे खोलीत उभ्या माणसाला तिचा त्रास नाही आणि आत गेलेल्या पाहुण्याला तेवढाच एक ठसठशीत रंग भेटतो. दार फायबरचे असेल तर हा उद्योग करू नये, कारण त्यावर रंग फार दिवस टिकत नाही. मग निळा टॉवेलांत आणि पायपुसण्यात आणावा. सोलापुरी टॉवेल गडद निळ्या रंगात सहज मिळतात. मात्र पहिल्या दोन-तीन धुण्यांत ते रंग सोडतात, म्हणून पाहुणे येण्याआधी ते वेगळे धुऊन घ्यावेत.

बादली आणि मग या वस्तू सजावटीच्या पुस्तकांत नसतात, पण आपल्या बाथरूममध्ये सर्वांत आधी नजरेत भरतात. चार बाय साडेसहा फुटांच्या जागेत लाल बादली, हिरवा मग आणि पिवळे स्टूल असे एकत्र आले तर रंगाऱ्याने केलेले सारे काम वाया जाते. जुनी बादली परसदारी न्यावी आणि येथे बादली, मग व स्टूल एकाच रंगाचे, शक्यतो मलई किंवा निळ्या रंगाचे आणावेत. माझ्या मते रंगाच्या डब्याआधी करण्याची ही खरेदी आहे, आणि तिला खर्चही फारसा येत नाही. घरात वापरात नसलेले पितळी घंगाळ असल्यास त्यात मनीप्लांट लावून ते बेसिनशेजारी ठेवता येईल. तपकिरी नक्षीशी पितळेचा रंग चांगला जुळतो. ओलाव्याने पितळ काळवंडते, त्यामुळे महिन्यातून एकदा चिंचेने घासण्याची तयारी नसेल तर घंगाळ दिवाणखान्यातच शोभेल.

दिवा हा भाग बहुतेक लोक सर्वांत शेवटी ठरवतात, खरे तर तो रंगाआधी ठरवावा. पाहुणे बाथरूम वापरतात ते पहाटे आणि रात्री, म्हणजे आपण निवडलेला रंग त्यांना बहुतांशी दिव्यातच दिसणार आहे. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा छापलेला असतो. ६५०० केल्विनचा दिवा निळसर पांढरा उजेड देतो, ३००० केल्विनचा पिवळसर. मलई-पीच छटेवर ६५०० चा उजेड पडला की तिची ऊब निघून जाते आणि चेहरा फिकट दिसतो. ३००० मध्ये बिस्किटी टाइल्स गरजेपेक्षा जास्त पिवळ्या दिसतात. आपल्या बाथरूमला ४००० चा दिवा योग्य होईल. खोक्यावर सीआरआय म्हणून आणखी एक आकडा असतो. तो ९० च्या आसपास असल्यास त्वचेचा आणि कपड्यांचा रंग खरा दिसतो. दिवा आरशाच्या वर किंवा दोन्ही बाजूंना असावा. पाठीमागच्या भिंतीवर दिवा असला तर दाढी करणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्याचीच सावली पडते.

दिवा बसवल्यानंतर छटा पाहावी. दुकानातील शेडकार्डाचा टिकलीएवढा चौकोन पाहून निर्णय करू नये. सर्वांत लहान डबा आणावा, फूटभर पुठ्ठ्यावर दोन हात द्यावेत आणि तो पुठ्ठा टाइल्सच्या वरच्या कडेला टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात पाहावा. ओल्या इमल्शनचा रंग वाळल्यावर थोडा बदलतो, म्हणून ब्रश फिरवल्या फिरवल्या मत देण्याची घाई करू नये; विशेषतः रंगारी समोर उभा असताना.

पोपड्यांविषयी आता सांगते. ते बरे केल्याशिवाय दिलेला कोणताही रंग पुढच्या श्रावणापर्यंत टिकणार नाही. पोपडे एकाच कोपऱ्यात आहेत, यावरून वाफेपेक्षा वरून झिरपणाऱ्या पाण्याचा संशय येतो. वाफेमुळे खराब होणारे छत साधारण सगळीकडे सारखे खराब होते. त्या कोपऱ्यावर वरच्या मजल्याचे बाथरूम, गच्चीचा उतार किंवा पावसाळी पाण्याचा पाइप यांपैकी काय येते, ते आधी पाहावे आणि गळती वरूनच बंद करून घ्यावी. खालून वॉटरप्रूफ रंग लावून पाणी अडवण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये, कारण पाणी स्लॅबमध्ये साचून दुसऱ्या कोपऱ्यात वाट काढते आणि आतल्या सळयांना गंज चढवते. गळती थांबल्यावर सुटा डिस्टेंपर गिलाव्यापर्यंत खरवडून काढावा. काळी बुरशी असेल तर पाण्यात कालवलेली ब्लीचिंग पावडर लावून पंधरा मिनिटांनी धुवावे. या वेळी झरोका आणि दार उघडे ठेवावे आणि त्याच दिवशी टाइल्स साफ करण्याचे ॲसिड मुळीच वापरू नये, कारण या दोहोंच्या संयोगाने विषारी क्लोरीन वायू तयार होतो. भिंत सुकली आहे की नाही, हे कळण्यासाठी दीड फुटाचा प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस-रात्र ठेवावा. आतल्या बाजूला दव धरले तर ओल अजून बाकी आहे असे समजावे.

त्यानंतर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी, प्रायमर आणि ॲक्रिलिक इमल्शनचे दोन हात एवढे पुरते. डिस्टेंपर पुन्हा देऊ नये. तो सतत ओल सोसत नाही. इमल्शन सॅटिन चमकेचे घ्यावे. अगदी मॅट रंगावर साबणाचे ओघळ राहतात आणि फार चकचकीत रंगात छताचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. झरोक्यात सहा इंची एक्झॉस्ट पंखा बसवल्यास रंगाचे आयुष्य वाढेल, शिवाय पोपटी उजेडही थोडा अडेल.

वेळेचा मेळही चांगला बसतो. दसऱ्याला पाऊस ओसरलेला असतो. तेव्हा उघड्या पडलेल्या भागावर गिलाव्याचे काम करून घ्यावे. सिमेंटच्या नव्या गिलाव्याला रंगापूर्वी सुमारे २८ दिवस द्यावे लागतात, आणि दसरा ते तुळशीचे लग्न हे अंतर साधारण तेवढेच आहे. तुळशीच्या लग्नानंतर रंग दिला तर मार्गशीर्षापर्यंत वासही उरणार नाही.

आपण विचारलेले नाही, तरी एक गोष्ट लिहिते, कारण लग्नाला येणाऱ्यांत सासूबाईंच्या वयाची मंडळी असतील. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते, मोतीबिंदू असेल तर अधिकच, आणि मग फिकट रंगांमधील फरक कळेनासा होतो. फिकट फरशीवर पांढरा कमोड त्यांना नीट वेगळा दिसत नाही, आणि रात्री बसताना अंदाज चुकतो. कमोडसमोर गडद निळे, न घसरणारे पायपुसणे टाकल्यास फरशी आणि कमोड यांची सीमा स्पष्ट होते. आधाराची दांडी बसवणार असाल तर ती चकचकीत स्टीलची घेण्याऐवजी गडद रंगाची घ्यावी, म्हणजे बिस्किटी टाइल्सवर ती पटकन हाताला लागेल. आपल्या निळ्या रंगाला येथे सजावटीपलीकडचे काम मिळते.

प्रश्न : सांगलीच्या गावभागात आमचे जुने घर आहे. २०१९ च्या महापुरात आणि पुन्हा २०२१ मध्ये तळमजल्याच्या खोल्यांत पाणी शिरले होते. पाहुण्यांसाठी असलेल्या छोट्या न्हाणीघराच्या भिंतीला तेव्हापासून खालच्या तीन फुटांत लोणा येतो आणि दर वर्षी रंग दिला तरी तो गळून पडतो. भिंती विटांच्या, जमीन शहाबादी फरशीची आहे. आमच्या घरात पूर्वापार हळदीचा व्यापार असल्याने न्हाणीघराला हळदीसारखा पिवळा रंग द्यावा अशी वडिलांची इच्छा आहे. तो टिकेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या व्यापारातीलच उदाहरण देते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असेल. पारंपरिक कुंकू याच गुणावर बनते. भिंतीतही असेच घडते. चुना आणि सिमेंट दोन्ही तीव्र अल्कलीयुक्त असतात, आणि भिंत ओली असली की ती अल्कली पाण्याबरोबर पृष्ठभागावर येते. जे रंगद्रव्य तिला दाद देत नाही तेच टिकते; बाकीचे रंग फिकट होतात किंवा बदलतात. त्यामुळे दुकानात संगणकावर मिसळून मिळणाऱ्या झगझगीत पिवळ्या छटेची मी आपल्या भिंतीसाठी शिफारस करणार नाही. आपल्याला पिवडी हवी. ही पिवळी माती म्हणजे लोहाचे संयुग असून चुन्यात आणि उन्हात ती बदलत नाही. जुन्या वाड्यांच्या भिंतींवर गेरू आणि पिवडी पिढ्यान्‌पिढ्या दिसतात, त्याचे कारण हेच. तिचा रंग सोललेल्या ताज्या हळकुंडाचा नव्हे, तर वाळवून साठवलेल्या हळकुंडाच्या सालीसारखा, थोडा मातकट येईल. वडिलांना ही तुलना पटावी.

पण रंग त्यानंतरचा. लोणा म्हणजे पुराच्या आणि जमिनीच्या पाण्यात विरघळलेले क्षार. भिंतीतील पाणी वाफ होऊन बाहेर पडताना ते पृष्ठभागावर सोडून जाते, तिथे त्यांचे स्फटिक वाढतात आणि रंगाचा थर पाठीमागून ढकलतात. प्लॅस्टिकसारखा घट्ट थर देणारे इमल्शन किंवा ऑइलपेंट त्यावर लावले तर वाफेला वाट मिळत नाही, आणि म्हणूनच दर वर्षीचा रंग फुगून गळतो. आपण दर वर्षी अधिक भारी रंग आणत असाल तर तो अधिकच मोठ्या पापुद्र्यांनी पडेल.

लोणा आलेल्या भागाच्या वर आणखी फूटभरापर्यंत जुना गिलावा विटेपर्यंत काढावा. पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर टाकावी. ती पाण्याने धुऊ नये, कारण पाण्यात विरघळून ती पुन्हा विटेत शिरते. भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवावी. घरातील न्हाणीघर एवढे दिवस उघड्या विटांचे दिसणे गैरसोयीचे आहे, याची मला कल्पना आहे, पण मार्च ते मे हे तीन महिने सांगलीचे ऊन फुकट काम करते, तर एकदा टाकलेले पाऊल मागे घेऊन पुन्हा गिलावा फोडण्याचा खर्च मोठा आहे. जूनपूर्वी चुन्याचा गिलावा करावा आणि त्यावर चाळलेल्या विरलेल्या चुन्यात पिवडी कालवून, थोडा डिंक घालून, पातळ तीन हात द्यावेत. चुन्याचा थर वाफ जाऊ देतो आणि अल्कलीमुळे त्यावर बुरशीही सहज धरत नाही. क्षार येतच राहिले तरी ते झाडून दसऱ्याला एक हात मारता येतो, खरवडावे लागत नाही. या रंगाचा दोष असा की, घासल्यास तो हाताला लागतो आणि पाण्याचा मारा सोसत नाही. म्हणून आंघोळीच्या कोपऱ्यातील दोन भिंतींनाच चार फुटांपर्यंत टाइल्स लावाव्यात आणि बाकीच्या भिंती मोकळ्या सोडाव्यात. सगळ्या भिंती टाइल्सने झाकल्या तर ओल वर चढून टाइल्सच्या डोक्यावर बाहेर पडेल.

पिवडीचे प्रमाण ठरवताना एक काळजी घ्यावी. लहान खोलीत समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग फेकतात, त्यामुळे पिवळा तर हातावर दिसतो त्याहून दुप्पट गडद वाटतो. आपल्याला जी छटा बरोबर वाटेल तिच्या निम्मी पिवडी घालून सुरुवात करावी. चुना ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच फिका होतो, हेही हिशोबात धरावे. म्हणून नमुना एक दिवस वाळू द्यावा. शहाबादी फरशीचा निळसर करडा रंग पिवळ्याला फार चांगला तोलतो, तेव्हा तिच्यावर चकचकीत टाइल्स बसवण्याचा मोह टाळावा. आंघोळीच्या कोपऱ्यातील टाइल्स फिक्या मलई रंगाच्या घ्याव्यात. करड्या घेतल्यास फरशीशी अर्धवट जुळतील आणि चूक झाल्यासारखे दिसेल.

आपले घर नदीकाठी असल्याने खालच्या तीन फुटांत सजावटीचे काहीच ठेवू नये. कपाट असल्यास ते भिंतीला उंचावर टांगावे, आणि ते प्लायवूडऐवजी ॲल्युमिनियमचे किंवा दगडी कोनाड्याचे असावे. जुन्या घराच्या जाड भिंतीत कोनाडा आधीच असेल तर तो बुजवू नये. त्याच्या आतून गेरूचा एक हात दिला तर पिवळ्या भिंतीत लाल चौकट उठून दिसते, आणि तांब्याचा तांब्या किंवा साबणाची वडी ठेवायला त्यापेक्षा सोयीची जागा नाही.

प्रश्न : पाहुण्यांच्या बाथरूममध्ये नव्या पांढऱ्या टाइल्स बसवणार आहोत. गवंडी म्हणतात की सांधेही पांढरेच भरावेत, म्हणजे जागा मोठी दिसते. आमच्या दुसऱ्या बाथरूममधील पांढरे सांधे वर्षभरात काळे पडले. काय करावे?
— एक वाचक, कराड

उत्तर : जागा मोठी दिसते ती सांधे उठून न दिसल्यामुळे, आणि पांढरे सांधे पहिले सहा महिनेच लपतात. फिका करडा सांधा सुरुवातीला किंचित दिसेल, परंतु नंतर त्याचा रंग बदललेला कळणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सांधे इपॉक्सी ग्राउटने भरून घ्यावेत. सिमेंटच्या ग्राउटमध्ये बारीक छिद्रे असतात. त्यांत साबणाचा मळ आणि बुरशी बसते, आणि ती काढायला आपण ॲसिड वापरले की सिमेंट विरघळून छिद्रे आणखी मोठी होतात. इपॉक्सी महाग आहे आणि भराभर घट्ट होत असल्याने ते भरताना गवंड्याला एका वेळी थोडेच कालवावे लागते, म्हणून अनेकजण ते टाळतात. आपण मोठ्या आकाराच्या टाइल्स घेतल्यास सांध्यांची एकूण लांबी कमी होऊन खर्च आटोक्यात येईल. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी उटणे वापरत असाल, तर ते त्याच दिवशी धुऊन टाकावे. त्यातील हळदीचा डाग सिमेंटच्या पांढऱ्या सांध्यात बसला की निघत नाही. उन्हात तो फिका होतो, पण बाथरूममध्ये तेवढे ऊन येत नाही.